सूत्र वीस सूर्यांपुढे नेऊ नका

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला ताऱ्यांच्या जन्ममृत्यूवरचा लेख मनापासून आवडला. विज्ञानाला अख्खं पान दिलंत, त्याबद्दल आधी आभार. मात्र त्याच पानावरच्या चौकटीतलं एक वाक्य दुरुस्त व्हायला हवं. सूर्याच्या शंभरपट वस्तुमानाचा तारा जेमतेम एक लाख वर्षं जगतो, असं तिथे छापलं आहे. प्रत्यक्षात असा तारा तीस लाख वर्षांच्या आसपास जगतो. नुसता मुद्रणदोष असता तर पत्र लिहिलं नसतं. पण हाच आकडा गाइडांत आणि क्लासच्या नोट्समध्येही असतो. मी बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवते, तिथे तो दरवर्षी उत्तरपत्रिकांत उतरलेला दिसतो.

हा आकडा येतो कसा, ते पाहा. ताऱ्याचं आयुष्य म्हणजे शिल्लक भागिले खर्च. गाभ्यातला हायड्रोजन ही शिल्लक, तेजस्विता हा खर्च. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी १९२४ मध्ये वस्तुमान आणि तेजस्विता यांचं नातं मांडलं. वस्तुमान वाढलं की तेजस्विता त्याच्या कितीतरी पुढे धावते, घातांक साधारण साडेतीन. शिल्लक मात्र वस्तुमानाच्या सरळ प्रमाणातच धरतात, म्हणून आयुष्य वस्तुमानाच्या अडीच घाताने घटतं. सूर्याची १००० कोटी वर्षं घ्या, त्यांना १०० च्या अडीच घाताने, म्हणजे एक लाखाने भागा; उत्तर एक लाख वर्षं. आकडेमोडीत काही चूक नाही. चूक आहे ती सूत्र भलत्या ठिकाणी लावण्यात.

चित्रा नक्षत्रापर्यंत ते ठीक चालतं. चित्रा ही एकमेकींभोवती चार दिवसांत फिरणारी जोडी आहे. त्यातली मोठी तारका सुमारे ११ सूर्यांच्या वस्तुमानाची, निळसर आणि अतिशय तप्त. सूत्राने तिचं आयुष्य अडीच कोटी वर्षं येतं, सविस्तर गणिताने दोन कोटींच्या आसपास. एवढा फरक चालून जातो. तिचं आजचं वय एक कोटीच्या घरात आहे. आमच्या चिपळूणच्या डोक्यावरचा सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. तो लाव्हा थिजला तेव्हा चित्रा जन्मालाही आली नव्हती! वर्गात हे सांगते तेव्हा मुलं खिडकीतून डोंगराकडे बघतात.

वीस सूर्यांच्या पुढे मात्र सूत्राची साथ सुटते. मोठा मॅगेलन मेघ ही आपल्या आकाशगंगेशेजारची छोटी दीर्घिका. तिच्यात, आपल्यापासून सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर, टॅरँट्युला तेजोमेघ आहे. त्याच्या मधोमध ‘आर१३६’ हा दाट तारकागुच्छ आहे. एकेकाळी हा गुच्छ म्हणजे एकच अवाढव्य तारा असल्याचं काही जण मानत होते. त्यातला ‘आर१३६ए१’ हा माहीत असलेल्या सर्वांत जड ताऱ्यांपैकी एक. २०१० मध्ये त्याचं वस्तुमान २६५ सूर्यांएवढं काढलं होतं. २०२२ मध्ये चिलीतल्या जेमिनी साउथ दुर्बिणीने जास्त स्पष्ट चित्र घेतलं आणि ते २०० च्या आसपास खाली आलं.

यंदा माझ्या एका विद्यार्थिनीने त्याला सूत्र लावलं. उत्तर आलं अठरा हजार वर्षं. तिने वही पुढे केली आणि विचारलं, “मॅडम, गुच्छाचं वय पंधरा लाख वर्षं आहे ना? मग हा अजून शिल्लक कसा?” वर्गात इतका नेमका प्रश्न क्वचितच येतो.

मग आम्ही फळ्यावर सूत्रातल्या खर्चाऐवजी निरीक्षणातून मोजलेला खर्च घेतला. सूत्राप्रमाणे तो तारा सूर्याच्या अकरा कोटी पट तेजस्वी हवा. निरीक्षणातून येतो तो पन्नास लाख पट. दोनशे भागिले पन्नास लाख, गुणिले १००० कोटी वर्षं: झाली चार लाख. हेही अपुरंच. सूर्य आपल्या हायड्रोजनचा जेमतेम दहावा हिस्सा गाभ्यात वापरतो. इतक्या जड ताऱ्याचा गाभा अफाट असतो आणि आतला वायू सतत ढवळला जातो, त्यामुळे बराचसा हायड्रोजन कामी येतो. सात-आठपट इंधन धरलं की उत्तर तीस लाख वर्षांवर जातं.

तेजस्विता सूत्राइतकी का वाढत नाही, हे खरं समजून घेण्यासारखं आहे. सूर्यात वायूचा दाब गुरुत्वाकर्षणाला तोलतो. अतिजड ताऱ्यांत प्रकाशाचा स्वतःचा दाब मोठा होतो. तेज एका हद्दीपलीकडे गेलं तर बाहेरचे थर टिकणारच नाहीत. ती हद्दही एडिंग्टन यांच्याच नावाची, आणि ती वस्तुमानाच्या सरळ प्रमाणात असते. तारा त्या हद्दीजवळ गेला की शिल्लक दुप्पट तर खर्चही जवळपास दुप्पट. भागाकार जागचा हलत नाही. म्हणून शंभर सूर्यांचा तारा असो की दोनशेचा, आयुष्य पंचवीस-तीस लाख वर्षांपाशी येऊन थांबतं.

तीस लाख हा आकडाही दगडावरची रेघ नव्हे. हे तारे जोरदार वाऱ्याने, म्हणजे पृष्ठभागावरून बाहेर फेकल्या जाणाऱ्या वायूने, स्वतःचं वस्तुमान उधळत असतात. वेगाने फिरणाऱ्या ताऱ्यात इंधन अधिक मिसळतं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे ‘ओ’ वर्गाच्या, म्हणजे सर्वांत तप्त आणि जड अशा, सत्तर टक्क्यांहून अधिक ताऱ्यांच्या आयुष्यात जोडीदार तारा ढवळाढवळ करतो. त्यामुळे काही लाख वर्षं इकडेतिकडे होणारच. तीसपट चूक मात्र या कशातही बसत नाही.

दुरुस्ती छापाल तेव्हा आकड्याबरोबर कारणही छापावं, ही विनंती. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनाही सांगणं आहे: हे गणित जरूर घाला, पण वस्तुमान वीस सूर्यांच्या आतलं द्या. नाहीतर तेजस्विता प्रश्नातच देऊन टाका, म्हणजे मुलांना भागाकार खऱ्या आकड्यांवर करता येईल.

आपली नियमित वाचक,
भौतिकशास्त्राची एक शिक्षिका, चिपळूण