चौकटीची चांदी आणि खिचडीचं आधण

नाशिक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गाभाऱ्याची चौकट चांदीनं मढवायची की त्या पैशात अन्नछत्र चालवायचं, यावरून तुम्हा विश्वस्तांत चांगलीच जुंपलेली दिसते. गाडगेबाबांनी इथं नाशकात धर्मशाळा उभारली, देऊळ नव्हे, असं कुणीतरी ऐकवेलच. खोटं नाही ते. पण आधी हिशोब मांड.

तीस गेजचा, म्हणजे सुमारे 0.3 मिमीचा पत्रा धरला तर चौरस फुटाला 290 ग्रॅम चांदी लागते. चौकट 30 चौरस फुटांची असली तरी पावणेनऊ किलो झाली. तूट आणि मजुरी वेगळी. याहून पातळ पत्रा घेऊ नका, उठावाची नक्षी काढताना फाटतो. पत्रा राळेवर बसवून मागून ठोकतात. ठोकून चांदी कडक होत जाते; मधेमधे तापवून मऊ केली नाही, तर नेमकी नक्षीतल्या मोराच्या चोचीवर चीर जाते. सागावर जडवताना लोखंडी खिळे मारले की पावसाळ्यात गंजाचे ओघळ येतात. पुढं चांदी काळवंडते, मग दर सणाला घासूनपुसून चकचकीत करायची, आणि काही वर्षांत मोर सपाट!

माझ्या मते यातलं दान मजुरीत आहे. चांदी नुसती बसून राहते, वर कुलूप आणि राखणदार मागते. मजुरीनं कारागिराची चूल पेटते. म्हणून चौकट तांब्याची करा आणि नक्षी भरगच्च मागा. ठोकायची रीत तीच, धातू कितीतरी स्वस्त. चांदीचा मुलामा मात्र नको. लोक हात लावून नमस्कार करतात तिथंच तो आधी उडतो.

उरलेले पैसे अन्नछत्राला, पण तेही आडवारी. सणाला रामकुंडावर देणाऱ्यांचीच गर्दी, द्रोण भरलेले तसेच पडतात. शंभर माणसांच्या खिचडीला 8 किलो तांदूळ, 3 किलो मूगडाळ, पाऊण लिटर तेल, 300 ग्रॅम मीठ. पाणी आधणाचंच घाला आणि पातेलं जाड बुडाचं घ्या, नाहीतर खाली करपते नि वर कच्ची राहते. दुपारच्या पंगतीची खिचडी पहाटे शिजवून झाकून ठेवू नका, उन्हाळ्यात आंबते.

चौकटीचं माप कळव. पत्रा आत वळवायला चारी कडांना इंचभर जास्त धर.

तुझा,
मित्र