इस्राएलमधल्या बिर्शेबाच्या मावशींना जाहीर थँक्यू

मावशी, सप्रेम नमस्कार.

हे तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पण पाठवता आलं असतं, पण मला चारचौघांत लिहायचं होतं, कारण तुम्ही जे शिकवलंत ते एकट्याकडे ठेवण्यासारखं नाहीये. नाव घालत नाही, तुम्हाला ते चालणार नाही हे माहितीये.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी द्राक्षबागांमधे कीड-रोगाच्या सल्ल्याचं काम करतो, त्यामुळे पिठ्या ढेकूण हा आमचा रोजचा विषय. वेलीतला रस ओढतो, त्यातली जास्तीची साखर चिकट थेंबांतून बाहेर टाकतो, घड चिकट होतात, मुंग्या लागतात, मागून काळी बुरशी. त्याच्याबद्दल वाचता वाचता कळलं की बायबलमधला मान्ना, म्हणजे मिसरच्या गुलामगिरीतून सुटलेल्या इस्राएल लोकांना वाळवंटात रोज सकाळी जमिनीवर पडलेलं जे अन्न मिळायचं, तो काही शास्त्रज्ञांच्या मते याच किडीच्या भाऊबंदांनी टाकलेली साखर होती! मग काय, मी त्याच्या मागेच लागलो. एका मित्राने तुमचा नंबर दिला, म्हणाला मूळच्या अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू आहेत, मराठी एकदम आपल्यासारखं आणि हिब्रू वाचतात. मी मेसेज टाकला आणि तुम्ही सरळ फोनच केलात.

पहिला थँक्यू त्यासाठी की तुम्ही मला किड्यापासून सुरू करू दिलं नाहीत. आधी काय लिहिलंय ते नीट ऐक म्हणालात आणि बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा 16वा अध्याय ओळ न् ओळ हिब्रूतून वाचून मराठीत सांगितलात. मिसर सोडून महिना झालेला, लोक भुकेने कावलेले, संध्याकाळी लावे पक्षी येतात, सकाळी दव पडतं आणि दव उडालं की खाली हिमकणांसारखं बारीक काहीतरी उरतं. धण्याएवढं, पांढरं, चवीला मधातल्या पापडीसारखं. माणशी एक ओमर घ्यायचं, म्हणजे साधारण दोन लिटरच्या वर, आणि ज्याने जास्त गोळा केलं त्याचं मापात जास्त भरलं नाही, ज्याने कमी केलं त्याला कमी पडलं नाही. ऊन चढलं की वितळायचं. दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं की अळ्या पडून वास मारायचा. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट मिळायचं आणि ते मात्र टिकायचं, कारण सातव्या दिवशी, म्हणजे शनिवारी, शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, काहीच पडायचं नाही.

मग बायबलमधल्याच गणना या पुस्तकाचा 11वा अध्याय काढलात, तिथे लोक तोच मान्ना जात्यावर दळतायत, कुटतायत, भांड्यात शिजवतायत, त्याच्या भाकऱ्या करतायत आणि वर मिसरमधले मासे, काकड्या, कांदे, लसूण आठवून रडतायत. इथे चव तेलात केलेल्या पदार्थासारखी. मी विचारलं की तिकडे मध आणि इकडे तेल असं कसं, तर तुम्ही लगेच तालमूद, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या चर्चांचा जुना ग्रंथ, सांगितलंत, की लहान पोरांना तो मधासारखा लागायचा, तरुणांना भाकरीसारखा आणि म्हाताऱ्यांना तेलासारखा. आणि तो वाद! रब्बी अकिवा म्हणतात हे देवदूतांचं अन्न, रब्बी इश्माएल म्हणतात देवदूत कुठे जेवतात? मला हे फार आवडलं, इतक्या जुन्या लोकांनी इतक्या प्रेमाने एकेका शब्दावर डोकं लावलंय.

त्यानंतरच तुम्ही माझ्या किड्याला बोलू दिलंत आणि किती मन लावून ऐकलंत. 1927 मधे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाच्या मोहिमेत कीटकशास्त्रज्ञ बोडेनहायमर आणि त्यांचे सहकारी थिओडोर सिनायच्या वाळवंटात गेले आणि त्यांनी झाडावरच बघून नक्की केलं की टॅमरिस्कच्या, म्हणजे आपल्याकडच्या झाऊच्या जातीच्या झाडावर पांढरट गोड दाणे दिसतात ते झाडाचा डिंक नाही, रस शोषणाऱ्या किडींनी टाकलेले थेंब आहेत. जर्मन निसर्ग अभ्यासक एरेनबर्ग यांनी असा अंदाज त्याच्या शंभर वर्षं आधीच केला होता. रसात साखर भरपूर आणि नायट्रोजन अगदी कमी, म्हणून किडीला पोटापुरता नायट्रोजन मिळवायला ढीगभर रस प्यावा लागतो आणि नको असलेली साखर टाकून द्यावी लागते. आमच्याकडे दमट हवेत ती चिकट राहते आणि बुरशी धरते, तिकडच्या कोरड्या हवेत पटकन सुकून दाणा होतो, तो मुंग्या बाहेर पडायच्या आत सकाळीच वेचावा लागतो. तिथले भटके बेदुइन लोक उन्हाळ्यात तो गोळा करतात. पहिल्या शतकातल्या ज्यू इतिहासकार जोसेफसनेही लिहून ठेवलंय की त्या भागात मान्ना अजून पडतो. तुम्ही लगेच दुसऱ्या दिवशी तुमच्याकडच्या टॅमरिस्कचा फोटो पाठवलात, खाली लिहिलेलं, अब्राहामाने बिर्शेबात हेच झाड लावलं होतं.

पण खरा थँक्यू पुढच्या गोष्टीसाठी. तुम्ही विचारलंत, तुझा किडा शनिवारी सुट्टी घेतो का? मी गप्पच झालो. कारण खरंच, गोडवा जुळतो, दाणा जुळतो, सकाळची वेळ जुळते, पण ही साखर वर्षातले थोडेच आठवडे मिळते, जात्यावर दळून भाकरी होईल असं तिच्यात काही नाही, त्यात अळ्या पडत नाहीत, प्रोटीन जवळपास नाहीच आणि शुक्रवारी दुप्पट तर मुळीच होत नाही. मला आता असं ठाम वाटतं की ज्यांनी ही कथा सांगितली त्यांना झाडावरची साखर माहीत असणार, तिचं रूप आणि चव त्यांनी तिथूनच घेतली असणार, पण त्यांना सांगायचंय ते वेगळंच आहे. पिढ्यान् पिढ्या गुलामीत राबलेल्या लोकांना गरजेपुरतं घ्यायला, उद्याचा साठा न करायला आणि एक दिवस हात थांबवायला शिकवणारं हे अन्न आहे. शब्बाथ पाळायची दहा आज्ञांमधली आज्ञा येते 20व्या अध्यायात, मान्ना येतो 16व्यात, म्हणजे लोक शब्बाथ आधी पोटातून शिकले. हे तुम्ही दाखवलं नसतं तर मला कधीच दिसलं नसतं.

आणि ते नुसतं बोलून नाही दाखवलंत. शुक्रवारी सूर्यास्ताच्या आधी व्हिडिओ कॉल करून टेबल दाखवलंत, दोन ब्रेड, कारण सहाव्या दिवशीचा वाटा दुप्पट, खाली एक कापड आणि वरून एक कापड, कारण मान्ना दवाच्या दोन थरांमधे असायचा. वरचं कापड तुम्ही दोन बोटांनी उचलून परत नीट बसवलंत तेव्हा त्याच्या कडेची वीण पण दिसत होती. मग सहज म्हणालात की पणजोबांचा नागावला तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असायचा, म्हणून कोकणात तुमच्या लोकांना शनिवार तेली म्हणायचे. मावशी, हे नाव मी लहानपणापासून ऐकलंय पण त्याचं मूळ या अध्यायापर्यंत जातं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मग 1874 साली पुण्यात छापलेल्या मराठी हग्गादाची, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या सणाला वाचायच्या पोथीची, तुमच्याकडची प्रत उघडून देवाच्या उपकारांची यादी वाचलीत, त्यातही मान्ना खाऊ घातला, मग शब्बाथ दिला, मग सिनायला आणलं, हाच क्रम.

बदल्यात मी तुम्हाला एकच गोष्ट देऊ शकलो, जवासाच्या झुडपावर मिळणारी साखर, आपल्या आयुर्वेदातली यवास शर्करा, युनानीवाले जिला तुरंजबीन म्हणतात. तुम्ही ती वहीत लिहून घेतलीत तेव्हा मला किती भारी वाटलं ते सांगता येत नाही.

तुमचा वेळ, तुमचा आवाज आणि माझ्या प्रत्येक प्रश्नाला "थांब, आधी वाचूया" म्हणणं, या सगळ्यासाठी मनापासून थँक्यू. आता लावे पक्ष्यांचं राहिलंय आणि ती मान्ना भरून ठेवलेली बरणी यहूदाच्या राजा योशीयाने कराराच्या कोशाबरोबर, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीबरोबर, लपवली म्हणतात, त्याचंही. रविवारी फोन करतो.

तुमचा,
द्राक्षवाला भाचा