मूर्ती करायला शिकवता, वाळवायलाही शिकवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

२०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे गणेश चतुर्थी लांबली आहे. ती १४ सप्टेंबरला, सोमवारी येते. शाडूची मूर्ती घरी करण्याच्या कार्यशाळा मात्र नेहमीप्रमाणे शेवटच्या एक-दोन रविवारीच ठेवल्या जातील, म्हणजे ३० ऑगस्टला नाहीतर ६ सप्टेंबरला. दोन तासांत मूर्ती घडते, फोटो निघतो, मूर्ती खोक्यात घालून घरी जाते. चौथ्या-पाचव्या दिवशी मूर्तीखालच्या मातीच्या पाटाला चीर पडते, कान मुळाशी सुटतो, सोंडेचं टोक हातात येतं. मग सोसायटीच्या ग्रुपवर उपाय सुरू होतात: फेविकॉल लावा, उन्हात ठेवा, ओल्या मातीने लिंपा. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण यातल्या प्रत्येक उपायाने मूर्ती आणखी बिघडते.

शाळा, सोसायट्या, महिला मंडळं आणि महापालिकांची प्रभाग कार्यालयं यांना आमची कळकळीची विनंती आहे की कार्यशाळा १५ आणि १६ ऑगस्टच्या शनिवार-रविवारी घ्यावी आणि ती दोन बैठकांची असावी. श्रावण १३ ऑगस्टला सुरू होतो, म्हणजे हा मुहूर्तही बरा आहे. मूर्ती चतुर्थीच्या महिनाभर आधी झाली, तर वाळायला वेळ मिळतो आणि तडकलीच तर दुसरी करायलाही मिळतो. आठ दिवसांत यातलं काहीच होत नाही.

मुळात प्लास्टर आणि माती यांची चाल उलटी आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस पाणी रासायनिकरीत्या स्वतःत घेतं, अर्ध्या तासात घट्ट होतं आणि घट्ट होताना किंचित फुगतं. माती पाणी सोडते, सावकाश घट्ट होते आणि होताना आकसते. ओली शाडू वाळेपर्यंत शेकडा पाच ते दहाने लहान होते. नऊ इंचांची मूर्ती वाळल्यावर साडेआठ इंच भरली तर त्यात वावगं काही नाही. हे आकसणं सगळीकडे एकाच वेळी झालं की चीर पडत नाही. कान वाळून आकसला आणि डोकं अजून ओलंच असलं, की दोघांच्या सीमेवर माती फाटते. जवळजवळ प्रत्येक भेगेचं मूळ इथे असतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली, त्यानंतर मातीकडे वळणाऱ्यांची संख्या वाढली. ही फार चांगली गोष्ट आहे. पण प्लास्टरच्या वेगाची सवय त्यांच्याबरोबर मातीत आली आहे.

आता मातीबद्दल. बाजारात शाडू कोरड्या पुडीच्या रूपात मिळते किंवा मळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली. पूड घेतली असेल तर आधी चाळून घ्यावी. एक किलो पुडीला साधारण ३०० ते ३५० मिलिलिटर पाणी लागतं. पाणी भांड्यात आधी घ्यावं आणि पूड त्यावर भुरभुरावी. पुडीवर पाणी ओतलं तर वरचा थर चिकट होतो, आत कोरड्या गाठी राहतात आणि त्या नेमक्या नाक-डोळे काढताना बोटाला लागतात. रात्रभर भिजू द्यावी, सकाळी मळावी, लाकडी फळीवर आपटून आतली हवा काढावी, मग ओल्या फडक्यात आणि वरून प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन दिवस ठेवावी. मुरलेली माती वाकते, ताजी मळलेली तुटते. पारख सोपी आहे. करंगळीएवढी जाड वळकटी करून ती बोटाभोवती गुंडाळायची. बाहेरच्या बाजूला चिरा दिसल्या तर पाणी कमी आहे, हाताला चिकटली तर जास्त आहे.

किती माती घ्यावी, यात बहुतेकांचा अंदाज चुकतो. सहा इंचांच्या बैठ्या मूर्तीला पाटासकट सुमारे दोन किलो ओली माती लागते. उंची दुप्पट केली की माती आठपट लागते, कारण रुंदी आणि खोलीही दुप्पट होते. बारा इंचांची भरीव मूर्ती त्या हिशेबाने पंधरा-सोळा किलोंवर जाते. एवढा गोळा पावसाळ्यात घरात वाळवणं नवशिक्याचं काम नव्हे. पहिल्या वर्षी सहा ते आठ इंचांवर थांबावं.

पाटाखाली काय आहे हे कार्यशाळेत कुणी बघतच नाही, आणि पाटाची मधली चीर तिथूनच येते. लाकडी फळीला किंवा लादीला माती चिकटली की तिचा तळ आकसू शकत नाही. वरचा भाग आकसतो, तळ जागचा हलत नाही, पाट दुभंगतो. फळीवर वर्तमानपत्राचे दोन कागद घालावेत आणि त्यांवर कोरडी शाडू भुरभुरावी. तळ त्यावर सरकतो. कार्डबोर्डचा तुकडा चालत नाही, तो ओल धरून वाकतो.

दुसरी चूक म्हणजे आत खुपसलेली काडी आणि तार. डोकं धडावर बसावं म्हणून टूथपिक, सोंडेला आकार यावा म्हणून तार, असं सर्रास शिकवलं जातं. तार आकसत नाही. माती तिच्याभोवती आकसायला जाते आणि लांबीने फाटते. कोरडी काडी तर मातीतलं पाणी पिऊन फुगते. सांधा मातीनेच धरायचा असतो: दोन्ही बाजूंवर खिळ्याने किंवा काट्याच्या चमच्याने आडव्या-उभ्या रेघा ओढायच्या, त्याच मातीत पाणी घालून दह्याइतका पातळ केलेला गारा दोन्हीकडे लावायचा, भाग दाबून किंचित फिरवायचा आणि सांध्याभोवती मातीची बारीक वळकटी फिरवून ती बोटाने जिरवायची. कोरड्या भागाला ओला भाग जोडू नये, दोन्हींची ओल सारखी असावी. म्हणूनच सगळे अवयव एकाच दिवशी जोडून संपवावेत. सोंड हवेत सोडू नये, पोटावर किंवा मोदकाच्या हातावर टेकवावी. कान मुळाशी सेंटीमीटरभर जाड ठेवून कडेकडे पातळ करावेत आणि मागून खांद्याला किंवा मुकुटाला आधार द्यावा. पारंपरिक घडणीत सोंड आणि कान अंगाला लागून असतात, त्याला शोभेइतकंच हेही कारण आहे.

आणि पाण्याचा हात आवरावा. गुळगुळीतपणा यावा म्हणून मूर्तीवर पुन्हा पुन्हा ओला हात फिरवला, की वर गाऱ्याचा पातळ थर तयार होतो. तो आतल्या मातीपेक्षा जास्त आकसतो आणि अंगभर जाळीदार बारीक भेगा उमटतात. मूर्ती थोडी घट्ट झाली की चमच्याच्या पाठीने घासावी. पाण्याशिवायही छान चकाकी येते.

दुसरी बैठक कशासाठी, ते आता सांगतो. मूर्ती दुसऱ्या दिवशी अशा अवस्थेत येते की बोट दाबलं तर ठसा जेमतेम उठतो, पण माती हाताला अजून गार लागते. या वेळी ती दोन्ही हातांनी हळूच आडवी करून मऊ टॉवेलवर ठेवावी आणि तळातून पोकळ करावी. वाकवलेल्या तारेची कडी किंवा जुना चमचा पुरतो. पाट आणि पोटातली माती काढून सगळीकडे दोन सेंटीमीटर जाडीची भिंत ठेवावी. मानेत शिरू नये. भरीव पोट दहा दिवसांनीही आतून ओलं असतं, पोकळ पोट कानांच्या बरोबरीने वाळतं. शनिवारी सकाळी मूर्ती घडवली तर रविवारी संध्याकाळी ही वेळ येते. कोकणपट्टीच्या दमट हवेत माती तोवर मऊच राहिली, तर सोमवारी नागपंचमी आहे, मंगळवारी करावं. त्याआधी घाई केली तर मूर्ती खचते.

पहिले दोन-तीन दिवस मूर्तीवर प्लास्टिकची पिशवी सैल घालून ठेवावी, खालून थोडी उघडी. कान, सोंडेचं टोक, हाताची बोटं, मुकुटाची टोकं यांवर ओलसर फडक्याच्या बारीक पट्ट्या ठेवाव्यात, म्हणजे पातळ भाग जाड भागांची वाट बघतात. रोज दोनदा मूर्ती पाव वळसा फिरवावी, कारण खिडकीकडची बाजू नेहमी आधी वाळते. चौथ्या दिवशी पिशवी काढावी आणि मूर्ती दोन लाकडी पट्ट्यांवर किंवा जाळीवर ठेवावी, म्हणजे खालून हवा लागते. ऊन नको, छताचा पंखा नको आणि एसी तर नकोच. मुंबई-ठाण्याच्या घरांत पंख्याने जेवढ्या मूर्ती तडकतात, तेवढ्या उन्हाने नाही, कारण पंखा वरून येतो आणि डोकं-कान आधी सुकवतो. पुण्या-नाशिककडे वारा कोरडा, म्हणून पोकळ केलेली आठ इंची मूर्ती सात-आठ दिवसांत वाळते. कोकणात दहा-बारा दिवस धरावेत. पावसाळी हवेत मातीवर हिरवट-काळे ठिपके आले तर ती बुरशी असते. मूर्ती वाळल्यावर कोरड्या ब्रशने झटकली की निघते.

मूर्ती वाळली की नाही हे रंगावरून ठरवू नये. पृष्ठभाग पांढरट होतो तेव्हा आत ओल असते. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज एकाच वेळी वजन करावं. लागोपाठ दोन दिवस वजन तेवढंच आलं, की मूर्ती वाळली. काटा नसेल तर गालाला लावून बघावं, गार लागली तर ओल आहे.

एवढं करूनही बारीक भेग पडू शकते. ती ओल्या मातीने भरली तर ती मातीही आकसते आणि सुटून पडते. त्याऐवजी त्याच मातीची कोरडी पूड, भिजवून पिळलेला वर्तमानपत्राचा लगदा पुडीच्या चौथ्या हिश्श्याने आणि थोडं डिंकाचं पाणी असं घट्ट मिश्रण करावं. भेगेच्या कडा ब्रशने जराशा ओलसर करून ते आत दाबावं आणि त्यावर दिवसभर फडकं ठेवावं. लगद्यामुळे आकसणं कमी होतं. फेविकॉल लावू नये. तो पाण्यात सुटत नाही आणि विसर्जनानंतर मातीत त्याचे लगदे राहतात. मानेतून आरपार चीर गेली असेल तर डागडुजीत वेळ घालवू नका. मूर्ती पूर्ण वाळू द्या, मगच पाण्यात घाला आणि त्याच मातीची दुसरी करा. कोरडी माती पाण्यात तासाभरात विरघळायला लागते, अर्धवट ओला गोळा दोन-दोन दिवस तसाच बसून राहतो. महिनाभर आधी सुरुवात करायची ती याच सवडीसाठी.

रंगाबद्दल थोडक्यात. गेरू, पिवडी (पिवळी माती), हळद, काजळ आणि पांढऱ्यासाठी खडूची पूड एवढ्यात घरची मूर्ती सुरेख रंगते. अर्धी वाटी कोमट पाण्यात चमचाभर डिंकाची पूड विरघळवून गाळून घ्यावी आणि त्यात रंग कालवावा. वाळल्यावर अंगठा फिरवून बघावा: रंग हाताला लागला तर डिंक कमी आहे, पापुद्रे सुटले तर जास्त आहे. पांढऱ्यासाठी चुना वापरला आणि त्यावर पिवळं पीतांबर म्हणून हळद लावली, तर ते लालसर होतं; हळदीचं कुंकू याच गुणधर्मावर होतं. हळदीचा रंग उजेडात उडतो, म्हणून ती शेवटच्या दोन दिवसांत लावावी. पहिला हात पातळ आणि जवळपास कोरड्या ब्रशने द्यावा. ब्रश पाण्याने थबथबलेला असेल तर वाळलेला कान पाणी पिऊन मऊ पडतो. ऑइल पेंट आणि अॅक्रिलिक टाळावेत, त्यांचा पापुद्रा पाण्यात तसाच राहतो.

विसर्जनाला आठ इंची मूर्तीसाठी पंधरा-वीस लिटरची बादली पुरते. हार, दूर्वा, जानवं, कापसाची वस्त्रं आधी काढून घ्यावीत. मूर्ती रात्रभरात विरघळून तळाशी बसते. तो गाळ तुळशीच्या कुंडीत घालावा असं सगळीकडे सांगितलं जातं, तो सल्ला चुकीचा आहे. शाडू अतिशय बारीक कणांची असते, तिच्यात सेंद्रिय अंश जवळजवळ नसतो. कुंडीत ती घट्ट थर करून बसते, पाणी खाली जाऊ देत नाही आणि मुळं गुदमरतात. वरचं नितळलेलं पाणी झाडांना घालावं, ते चालतं. मोरीत किंवा शौचालयात गाळ ओतू नये, तो पाइपाच्या वळणात बसतो आणि मग प्लंबर बोलवावा लागतो.

हा गाळ ठेवून द्यायचा आहे. दोन दिवस बसू द्यावा, वरचं पाणी काढावं, जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून गाळून कपड्यासकट टांगावा. घट्ट झाला की थापून सुकवावा, फोडून पिशवीत भरावा. पुढच्या वर्षी तीच माती चाळून पुन्हा भिजवता येते. महाराष्ट्रात येणारी शाडू मुख्यतः गुजरातेतून खणून आणलेली असते, ती दरवर्षी नवी खणण्याची गरज नाही. पुण्यात विसर्जनानंतरची माती गोळा करून मूर्तिकारांकडे परत पोहोचवण्याची मोहीम चालते. इतर शहरांत प्रभाग कार्यालयांनी विसर्जन कुंडांशेजारी फक्त शाडूसाठी वेगळी पिंपं ठेवली आणि त्यांवर 'रंग न दिलेली' आणि 'रंग दिलेली' असं लिहिलं, तर एवढंच काम बिनखर्चात होईल. ज्या संस्था कार्यशाळा घेतात त्यांनी नोंदणीच्या अर्जावरच ही माती परत आणून देण्याची तारीख छापावी. अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आहे. गाळ सुकायला आठवडा धरला तर ४ ऑक्टोबरचा रविवार सोयीचा पडेल.

आपले,
मातीकाम शिकवणारे काही वाचक, ठाणे