ताबा आहे, उतारा नाही

हर्गेसा, सोमालीलँड
19 मे 2025

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या आठवड्यात फोनवर बाबांनी विचारलं, "जो देश नकाशात नाही, तिथे आणखी एक वर्ष राहून करणार काय?" तेवढ्यात फोन कट झाला आणि उत्तर राहून गेलं. फोनवर ते नीट सांगताही आलं नसतं, म्हणून लिहितो आहे.

काल 18 मे होता. 1991 मध्ये याच दिवशी बुराओ गावात सोमालीलँडच्या लोकांनी सोमालियापासून वेगळं होत असल्याचं जाहीर केलं. काल सकाळपासून मुख्य रस्त्यावर माणूस मावत नव्हता. हिरवा, पांढरा, लाल असा झेंडा, मधे काळी चांदणी. लॅबमधल्या पोरींनी तेच रंग डोक्याला गुंडाळले होते.

बाबा, तुमची तलाठ्याची सगळी नोकरी सातबारे लिहिण्यात गेली. त्यामुळे हे प्रकरण तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. जमीन हे कसतात, चतुःसीमा ठरलेल्या आहेत, चौतीस वर्षांची वहिवाट आहे. पण उताऱ्यावर नाव सोमालियाचं. मे 2025 पर्यंत तरी संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाने यांच्या नावाचा फेरफार मंजूर केलेला नाही, म्हणजे यांना मान्यता दिलेली नाही.

आणि ही जमीन मुळात वेगळ्या गटाची होती. उत्तरेला इंग्रजांचा मुलूख, दक्षिणेला इटलीचा. 26 जून 1960 ला उत्तर भाग स्वतंत्र झाला आणि पाचच दिवसांनी, 1 जुलैला, आपखुशीने दक्षिणेत सामील झाला. सगळे सोमाली एका छताखाली येतील या आशेने. पण दस्त नीट झालाच नाही. इकडच्या सभागृहाने एक मसुदा मंजूर केला, तिकडच्यांनी दुसरा, आणि एकच कायदा झाला तो 1961 मध्ये, मागच्या तारखेपासून लागू करून. तुमच्या हाताखाली असं प्रकरण आलं असतं तर तुम्ही ते परत पाठवलं असतं.

खातेफोड मागण्याचं खरं कारण मात्र कागदाचं नाही. शहराच्या मध्यभागी चौथऱ्यावर एक मिग विमान उभं आहे. 1988 मध्ये सोमालियाचा हुकूमशहा सियाद बारे याच्या राजवटीत विमानं याच शहराच्या विमानतळावरून उडायची, याच शहरावर बॉम्ब टाकायची आणि तिथेच परत उतरायची. स्वतःच्या सरकारची विमानं! माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईंची आई तेव्हा लहान मुलं घेऊन चालत इथिओपियाच्या हद्दीत गेली. ती परतली तेव्हा घराला छप्पर नव्हतं. त्या बाई हे सांगताना आवाज चढवत नाहीत. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

नंतर यांनी जे केलं त्याबद्दल मला फार आदर वाटतो. 1993 मध्ये बोरामा गावी कुळाकुळांचे वडीलधारे जमले आणि काही महिने बोलत बसले. कोणी परका मध्यस्थ नाही. त्यातून सरकार उभं राहिलं, आणि त्या वडीलधाऱ्यांचं 'गुर्ती' हे सभागृह आजही संसदेत आहे. 2003 च्या अध्यक्षीय निवडणुकीत पहिल्या निकालात फरक होता फक्त 80 मतांचा. ग्रामपंचायतीला एवढ्यावरून आपल्याकडे डोकी फुटतात. इथे वाद कोर्टात गेला, आणि हरलेल्याने निकाल मानला. गेल्या नोव्हेंबरात विरोधी पक्षाचे उमेदवार अब्दिरहमान इरो निवडून आले, आणि जुन्या अध्यक्षांनी खुर्ची शांतपणे सोडली.

सगळंच चांगलं आहे असं मी लिहिणार नाही. पूर्वेकडे लास अनोदच्या भागातल्या लोकांना हा वेगळा देश नको आहे. 2023 मध्ये तिथे मोठी लढाई झाली, खूप माणसं मेली आणि इथल्या फौजेला माघार घ्यावी लागली. सहहिस्सेदाराची हरकत आहे म्हणा ना. ती ऐकून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असं मला मनापासून वाटतं. इथे हे बोललं की काही जण गप्प होतात.

मान्यता नसल्याचा त्रास मी रोज बघतो. जागतिक बँकेकडून कर्ज मिळत नाही, सरकार मुख्यतः बेर्बेरा बंदराच्या जकातीवर चालतं. यांचा पासपोर्ट बहुतेक देश मानत नाहीत. उपचारासाठी बाहेर न्यायचा पेशंट असेल तर घरचे धावपळ करून सोमालियाचा पासपोर्ट काढतात, ज्या देशाचे आपण नाही असं ते म्हणतात त्याचाच. रिपोर्ट हातात ठेवताना मला त्यांच्याकडे बघवत नाही.

आई, तू काळजी करतेस ती सुरक्षेची. बाजारात नोटा बदलून देणारे शिलिंगच्या थप्प्या विटांसारख्या रस्त्यावर रचून बसतात, आणि नमाजाची वेळ झाली की वर कापड टाकून निघून जातात. भाजीचे पैसे मी मोबाईलवरून देतो. शहराबाहेर जाताना पोलीस बरोबर घ्यावा लागतो, तो मी घेतो. आणि एक गंमत, 1951 पर्यंत इथे आपला रुपया चालायचा. कोपऱ्यावरच्या चहावाल्या म्हाताऱ्याला तो आठवतो. त्याच्या चहात वेलची असते, तुझ्यासारखीच.

मी कराराला वर्षभराची मुदतवाढ घेतली आहे. लॅबमध्ये तीन मुलं शिकायला आहेत, त्यांना रक्तगट जुळवणं आता कुठे जमायला लागलंय. त्यांना अर्ध्यावर सोडून येववत नाही. गणपतीला मात्र नक्की येतो, अदिस अबाबावरून मुंबई.

बाबा, माझ्याबरोबर काम करणाऱ्या त्या बाईंना मी तुमच्या नोकरीबद्दल आणि सातबाऱ्याबद्दल सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "ताबा असून नाव लागायला तुमच्याकडे जास्तीत जास्त किती वर्षं लागली आहेत?" वडिलांना विचारून सांगतो म्हणालो आहे. तेवढं उत्तरात कळवा.

तुमचा,
धाकटा