नाक्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्या दादांचे आभार

आमच्या शाळेत नववीला आयबीटी (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी, म्हणजे हाताने काम करत तंत्रज्ञान शिकायचा विषय) आहे. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला सुरू केलेल्या विज्ञान आश्रमातून आलेला हा विषय. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी वेल्डिंग मशीन जळालं, अँगलचे स्टँड अर्धवट राहिले. दादा शटर ओढून, आपलं मशीन टेम्पोत घालून आले. स्वतः मात्र एकही जोड मारला नाही! "पोरांचं काम पोरांनीच करायचं," म्हणाले. रॉड सारखा चिकटत होता, एक मुलगी रडवेली झाली. तिला स्वतःचे हातमोजे दिले, काळी काच दिली, आणि रॉड किती अंतरावर धरायचा ते जमेपर्यंत शेजारी उभे राहिले. जोडावरची खपली झाडली तेव्हा जोड अगदी सरळ होता. पैसे घेतले नाहीत, फक्त चहा. दादा, मनापासून आभार. तो जोड दिसावा म्हणून स्टँडच्या त्या कोपऱ्याला आम्ही रंग लावलेला नाही.