आधी खांब, मग कॅमेरा

प्रिय सुहास,

तुझं पत्र पोचलं. त्यातला पहिला प्रश्न 'कॅमेरा कुठला घेऊ?' हा आहे आणि तोच मी मुद्दाम मागे ढकलतोय. ते झाड आणि त्यामागची टेकडी सलग दोन वर्षं ठरावीक वेळानं एकेक फोटो काढून टिपायची आणि ते फोटो जोडून वेगवान व्हिडिओ (टाइमलॅप्स) करायचा, तर कॅमेरा ही त्यातली सगळ्यांत सहज बदलता येणारी वस्तू. मध्येच बिघडला तर दुसरा बसवशील, बॅटरी मेली तर नवी आणशील. चार दिवसांचे फोटो बुडतील, पण दोन वर्षांच्या गोष्टीत तेवढं पचून जातं. मात्र कॅमेऱ्याचं तोंड एकदा अर्ध्या अंशानं जरी फिरलं आणि मूळ जागेवर परत आणता आलं नाही, की आधीचे फोटो वेगळे आणि नंतरचे वेगळे. म्हणून पैसे आणि डोकं दोन्ही आधी खांबावर खर्च कर.

झाडाच्या बुंध्याला कॅमेऱ्याची पेटी बांधायचा विचार डोक्यातून काढून टाक. बुंधा वाऱ्यानं डोलतो, शिवाय तो वाढतो. लाकडी डांब ओलाव्यानं पिळवटतो. ट्रायपॉडचे पाय मातीत कधी खचतात ते कळतही नाही. काँक्रीटमध्ये गाडलेला जाड लोखंडी पाइप चांगला. पक्क्या बांधकामाची जुनी भिंत योग्य दिशेला मिळाली, तर त्याहून चांगलं.

पण लोखंडी पाइपही हलतो, आणि ही गोष्ट बरेच जण विसरतात. तीन मीटर उंच, दहा सेंटीमीटर व्यासाचा पाइप घे. उन्हाकडची बाजू सावलीतल्या बाजूपेक्षा ५ अंश सेल्सिअसनं जास्त तापली, तर ती बाजू किंचित लांबते आणि पाइप सूर्यफुलाच्या उलट, उन्हापासून दूर वाकतो. टोकाशी हा कल साधारण ०.१ अंशाचा भरतो. ऐकायला काहीच नाही. पण तुझा कॅमेरा ६० अंशांचा आवाका ६००० पिक्सेलमध्ये मांडत असेल, तर एक अंश म्हणजे १०० पिक्सेल. म्हणजे चित्र रोज दहाएक पिक्सेल सरकणार आणि रात्री मूळ जागी येणार. वेग वाढवून पाहिलं की अख्खी टेकडी थरथरताना दिसते. यावर उपाय म्हणजे खांब बुटका ठेवायचा (फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात पोचणार नाही एवढा), पाइप जाड घ्यायचा, पांढरा रंग द्यायचा आणि जमलं तर बाहेरून मोठ्या पाइपचं सैल कवच चढवून सावली करायची. तरीही थोडं हलेलच, म्हणून हवी त्यापेक्षा मोठी चौकट घे. अंतिम व्हिडिओ फोर-के म्हणजे ३८४० पिक्सेल रुंदीचा करायचा असेल, तर ६००० मधून कापताना सॉफ्टवेअरला फोटो जुळवून घ्यायला भरपूर जागा मिळते.

आता पेटीच्या आत बघ. कॅमेऱ्याच्या तळाला एकच स्क्रू बसतो आणि त्या एका स्क्रूभोवती कॅमेरा फिरू शकतो. कार्ड काढायला हात लावलास तरी फिरतो. त्यामुळे कॅमेरा ज्या पट्टीवर बसतो तिच्यावर, कॅमेऱ्याच्या मागे आणि एका बाजूला छोटे ॲल्युमिनियमचे अँगल पक्के ठोक, म्हणजे कॅमेरा काढून परत ठेवला की तो त्याच कोपऱ्यात टेकेल. नट घट्ट झाले की प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढ. पुढच्या फेरीत रेघ तुटलेली दिसली, तर तो नट फिरलाय हे पाना न लावताच कळतं. चौकटीत एखादा खडक किंवा भिंतीचा कोपरा येऊ दे. कधी सगळं नव्यानं बसवायची वेळ आली, तर जुना फोटो लॅपटॉपवर अर्धपारदर्शक करून नव्यावर ठेवायचा आणि त्या कोपऱ्यावर कोपरा जुळवायचा.

छायाचित्रकार जेम्स बॅलॉग यांनी २००७ मध्ये आटणाऱ्या हिमनद्या टिपायचा 'एक्स्ट्रीम आइस सर्व्हे' हा प्रकल्प सुरू केला, तेव्हा ग्रीनलंड, आइसलंड, अलास्कातल्या हिमनद्यांसमोर त्यांनी कॅमेरे उघड्या खडकाला बोल्टनं जखडले होते. बर्फ आटताना दिसायला हवा, तर बघणारा हलता कामा नये.

दिशेचं थोडक्यात सांगतो. उत्तर गोलार्धात कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला असेल तर काम सोपं, ऊन बहुतेक काळ पाठीशी राहतं. पूर्व-पश्चिमेला तोंड केलंस तर वर्षातले काही आठवडे सूर्य थेट चौकटीत उतरेल. माध्यान्हीच्या सूर्याची जागा दोन्ही अयनदिनांमध्ये (वर्षातला सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान दिवस) उत्तर-दक्षिण जवळजवळ ४७ अंशांनी बदलते, त्यामुळे आज बघून ठरवू नकोस. सूर्याचा मार्ग दाखवणारं ॲप उघड, २१ जून आणि २१ डिसेंबर या तारखा टाकून बघ. आणि कुणाच्या घराची खिडकी चौकटीत येत नाही ना, हेही तेव्हाच बघून घे.

विजेचा हिशेब तुला आवडेल. कॅमेरा आणि त्याला चालवणारा छोटा संगणक दिवसभर चालू ठेवले, तर अडीच वॉट धरूनही २४ तासांत ६० वॉट-तास जातात. १२ व्होल्ट, १२ ॲम्पिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीत १४४ वॉट-तास असतात, पण ती निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं, म्हणजे वापरायला मिळतात ७२. ढगाळ हवा असली तर दुसऱ्याच दिवशी सगळं बंद. हाच कॅमेरा टायमरनं फक्त फोटोपुरता, वीसेक सेकंद, जागा केला तर दिवसाचं काम दोन-चार वॉट-तासांत होतं आणि तीच बॅटरी आठवडेच्या आठवडे तग धरते. मोठं सोलर पॅनल घेण्यापेक्षा झोपणारा कॅमेरा परवडतो. पॅनलचा आकार वर्षातल्या सगळ्यांत वाईट महिन्यावरून ठरव, सरासरीवरून नको. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी जास्त खोलवर वापरता येते, फक्त शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नसतं.

हे लक्षात आलं की तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर निम्मं मिळतं. असा कॅमेरा घे, जो वीज गेली आणि परत आली की आपोआप जागा होतो. ज्यांना सरकवायचं किंवा फिरवायचं खरं बटण असतं, ते बहुधा होतात. ज्यांचं बटण नुसतं दाबायचं असतं, त्यांतले बरेच मख्ख बसून राहतात. विकत घेण्याआधी चालू कॅमेऱ्यातली बॅटरी काढून परत घालून बघ, दोन मिनिटांची परीक्षा आहे. त्याला डमी बॅटरी (बॅटरीच्या जागी बसून बाहेरची वीज आत देणारा तुकडा) मिळते का, तेही विचार. पिक्सेल किती हा प्रश्न यानंतरचा.

उरलेलं निम्मं उत्तर शटरमध्ये आहे. दिवसाचे १२ तास दर १५ मिनिटांनी एक फोटो काढला, तर रोजचे ४८ आणि दोन वर्षांचे ३५,०४०. सेकंदाला २५ या वेगानं ही तेवीस मिनिटांची फीत होते. यांत्रिक शटर साध्या डीएसएलआरमध्ये साधारण एक लाख वेळा चालेल असं धरतात, म्हणजे अजून चिंता नाही. तेच दर ५ मिनिटांवर आणलंस तर आकडा १,०५,१२० वर जातो आणि शटर दोन वर्षांच्या आत मर्यादा गाठतं. मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घेऊन इलेक्ट्रॉनिक, म्हणजे हलता भाग नसलेलं, शटर वापरलंस तर हा प्रश्नच उरत नाही. मला विचारशील तर ऋतू दाखवायला १५ मिनिटं पुरेत. ढग पळताना दाखवायचे तर काही सेकंदांचं अंतर लागतं, ते काम या कॅमेऱ्यावर लादू नकोस, एखाद्या दिवशी वेगळा कॅमेरा घेऊन जा. जेपीईजी १० एमबीचा धरला तर सगळा पसारा ३५० जीबीच्या आसपास. आणखी एक, बहुतेक कॅमेऱ्यांमध्ये फोटोंचे क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरू होतात. त्यामुळे फाइलला तारीख-वेळेचं नाव दे, आणि त्यासाठी घड्याळ चांगलं लागेल. डीएस३२३१ ही घड्याळाची चिप वर्षाला जेमतेम मिनिटभर चुकते.

फोकस हातानं लावून रिंगवर चिकटपट्टी मार. स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) बंद, व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) 'डेलाइट'वर पक्का. उजेड दिवसभर बदलणार, म्हणून एक्सपोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) पूर्ण मॅन्युअल ठेवता येत नाही. ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) ठरवून शटरचा वेग कॅमेऱ्यावर सोड. दर फोटोला ॲपर्चरची पाती अगदी तेवढीच मिटत नाहीत, त्यातून व्हिडिओ लुकलुकतो. ॲपर्चर रिंग असलेली जुनी मॅन्युअल लेन्स लावली की ती पाती मिटून तशीच राहतात.

आता पाणी. पेटी कितीही पक्की असो, ती श्वास घेते. दिवसा आतली हवा तापून बाहेर पडते, रात्री थंड होऊन बाहेरची दमट हवा आत ओढते आणि मग काचेच्या आतल्या बाजूला दव धरतं. पूर्ण सील केलेली पेटी यात जास्त फसते, कारण कुठल्या तरी बारीक फटीतून आत आलेलं पाणी बाहेर पडत नाही. हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पडद्याचा व्हेंट लाव आणि सिलिका जेलच्या पुड्या दर फेरीला बदल. वायर नेहमी तळातून आत घे आणि आत जाण्याआधी तिला खाली लोंबता वळसा दे, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून तिथेच टपकेल. समोर ॲक्रिलिकऐवजी सपाट काच घे, ॲक्रिलिक पुसून पुसून ओरखडतं. लेन्स काचेला जवळजवळ टेकव आणि मधल्या फटीत काळी फेल्ट लाव, नाहीतर कॅमेऱ्याचं स्वतःचंच प्रतिबिंब दोन वर्षं दिसत राहील. कोळ्यांचं काय करायचं विचारशील, तर काही करता येत नाही. जाळी काढत राहायची.

एवढं वाचून दमला असशील तर एक गंमत ऐक. रेजिना वाल्केनबर्ग या तरुणीनं २०१२ मध्ये हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या वेधशाळेत एका दुर्बिणीच्या घुमटाला बिअरचा रिकामा कॅन बांधला. त्याला सुईएवढं छिद्र, आत फोटोचा कागद. मग ती तो विसरून गेली. २०२० मध्ये कॅन काढला, तेव्हा कागदावर आठ वर्षांच्या सूर्याच्या हजारो कमानी उमटलेल्या होत्या. ना बॅटरी, ना कार्ड. कॅन घुमटाला नीट बांधलेला होता, तेवढ्यावर निभावलं.

तुझ्याकडे सगळी जुळवाजुळव झाली की ती थेट टेकडीवर नेऊ नकोस. घराच्या गच्चीवर दोन-तीन आठवडे पूर्ण संच चालव, मध्ये मुद्दाम वीज तोड, पाइपनं पाणी मार. शक्य असेल तर रोज एक छोटा फोटो मोबाइल नेटवर्कवरून तुझ्यापर्यंत येईल अशी सोय कर, म्हणजे बंद पडलेलं त्याच दिवशी कळेल.

आता मला एवढंच कळव, खांब रोवायच्या जागी मुरूम आहे की काळी माती? काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि उथळ पायावरचा खांब हळूहळू कलंडवते. तशी असेल तर खड्डा ती माती संपेपर्यंत खोल न्यावा लागेल, आणि जागा बदलणं त्याहून सोपं असेल तर तेही बोलू. कुदळ मारायच्या आधी लिही.

तुझा,
नीलेश