बाबांची गोळी, आईची वही

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांच्या उपासाचा आणि आईच्या कॅलरी मोजण्याचा विषय निघाला की तुम्ही दोघं एकमेकांचं बोलणं तोडता आणि माझं सांगायचं राहूनच जातं. म्हणून लिहितेय. दोघांनी मिळून वाचा.

बाबा, त्या शनिवारी तुम्ही फिरून आलात तेव्हा मी चहा गाळत होते. बाहेरून कुलपाशी किल्ली नुसती खरवडत होती, आत जातच नव्हती. दार उघडलं तर डिसेंबरच्या थंडीत तुमचं कपाळ घामाने डबडबलेलं आणि हात थरथरत होता. "काही नाही गं, जरा चढ लागला," म्हणालात. मशीनवर शुगर होती 58, म्हणजे फारच कमी. आईने साखरेचं पाणी दिलं, पंधरा मिनिटांनी आकडा 96 वर आला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं.

सोळा तास उपाशी राहायचं तुम्ही मनावर घेतलंत, अडीच किलो उतरवलेत, त्या जिद्दीचं मला कौतुकच आहे. पण तुमची ती सकाळची मधुमेहाची गोळी, ग्लिमेपिराइड, स्वादुपिंडाला साखर उतरवणारं इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. आधी त्या गोळीपाठोपाठ पोहे नाहीतर उपमा असायचा. आता नाश्ता गेला, गोळी तशीच राहिली आणि वर तासभर चालणं. उपाशी राहणं सगळ्यांनाच वाईट असं मी म्हणत नाही. पण ही गोळी घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा बदलायच्या नसतात, एवढं नक्की.

आता तुमच्या दोघांच्या वादाबद्दल. काही वर्षांपूर्वी अख्खा महाराष्ट्र दीक्षित की दिवेकर, दोनदा जेवायचं की दर दोन तासांनी, यावर भांडत होता, तेव्हाही आपल्या घरात दोन तट होतेच. आता बाबांचं घड्याळ आणि आईची कॅलरीची वही. मी जमेल तेवढं वाचलं. चीनमध्ये ग्वांगझूला 139 लठ्ठ माणसांवर वर्षभर प्रयोग झाला, 2022 मध्ये तो छापून आला. सगळ्यांनीच खाणं कमी करायचं होतं, पण त्यातल्या अर्ध्यांनी सकाळी 8 ते दुपारी 4 यातच जेवायचं. वर्षाअखेरीस घड्याळवाल्यांचं सरासरी 8 किलो उतरलं, नुसतं मोजून खाणाऱ्यांचं 6.3. शास्त्राच्या हिशेबात हा फरक धरण्याइतका नव्हता. शिकागोत 2017 साली दिवसाआड उपास आणि रोज थोडं कमी खाणं यांची तुलना झाली, तिथेही वजन जवळपास सारखंच घटलं. उपासाच्या गटातली मात्र 38 टक्के माणसं मधेच गळाली, दुसऱ्या गटातली 29.

म्हणजे वजन घटतं ते दिवसाकाठी पोटात एकूण किती गेलं यावर. घड्याळाने कुणाला कमी खाणं सोपं जातं, कुणाला वहीने.

आई, तुझी वही मी चाळली. पोळी 100, वरण 120, सगळं नीट लिहिलंयस. पण रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला टाकून तू ओट्याशी उभ्यानेच खातेस, तो कुठे आहे? टाकवत नाही म्हणून खातेस, मला माहीत आहे. तेलाचाही हिशेब नाही. दोघांना महिन्याला दोन लिटर तेल लागतं, म्हणजे माणशी रोज तेहतीस मिली, जवळजवळ 270 कॅलरी, अडीच पोळ्यांच्या वर. आणि गुरुवारची साबुदाण्याची खिचडी! साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यावर दाण्याचं कूट आणि तूप. 'एकादशी, दुप्पट खाशी' तूच आम्हाला शिकवलंस ना. उपास सोड असं मी कधीच म्हणणार नाही. त्या दिवशी भगर आणि ताक घे, खिचडी वाटीभरच. भात आधीच कमी लाव, म्हणजे उरणार नाही.

एक काळजी दोघांचीही आहे. या वयात वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झडतात, मग जिना चढताना गुडघ्यांपेक्षा मांड्याच आधी दमतात. किलोमागे निदान एक ग्रॅम प्रथिनं लागतात. बाबा, तुम्हाला पंचाहत्तरच्या आसपास, आणि वाटीभर वरणात असतात सहा-सात. आठवड्यातून चार दिवस अंडी, रोज दही, मोड आलेली मटकी, एवढं तरी घ्या. आई अंडी खात नाही, तिला पनीर आणा.

सोमवारी डॉक्टरांकडे जा. गोळ्यांची पाकिटं आणि मशीनवरचे आकडे लिहिलेला कागद बरोबर न्या, शनिवारचे 58 लपवू नका. बाबांना उपास हवाच असेल तर संध्याकाळी सातला जेवून सकाळी आठला नाश्ता चालेल का, हे विचारा. तेरा तास होतातच. त्यांचं उत्तर मिळेपर्यंत नाश्ता सोडायचा नाही, आणि फिरायला जाताना खिशात खडीसाखर ठेवायची.

मी संक्रांतीला येतेय. आई, लाडू लहान वळ, आणि बाबांच्या खिशातली खडीसाखर रोज तूच बघत जा.

तुमची,
माऊ